प्रसिद्ध आजोळ, उसना आवाज : आन वियाझेम्स्कीची पहिली चार वर्षं

श्रोतेहो, आजच्या व्याख्यानाचा विषय एक फ्रेंच अभिनेत्री आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने सिनेमातल्या नटीवर काय बोलायचं, असं काहींच्या मनात येईल. पण आन वियाझेम्स्कीची गोष्टच जरा वेगळी आहे. तिच्या पहिल्या चित्रपटात पिएर क्लोसोव्स्की हा विचारवंत कंजूस धान्यव्यापाऱ्याचं काम करतो. त्यानंतरच्या महत्त्वाच्या चित्रपटात फ्रान्सिस जाँसाँ हा दुसरा विचारवंत स्वतःच्याच नावाने आगगाडीत तिच्यासमोर बसून वाद घालतो. आणि या दोन चित्रपटांच्या मधल्या काळात ही मुलगी खरोखरच तत्त्वज्ञानाचा अभ्यास करत असते. १९६५ ते १९६९ या चार वर्षांत तिने ब्रेसाँ, गोदार आणि पासोलिनी अशा तिघांकडे काम केलं. हे तिघेही सिनेमाचं व्याकरण बदलणारे. हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

भाग्य हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. तो कितपत बरोबर आहे, हेच आज तपासायचं आहे. प्रश्न साधा आहे. पडद्यावर तिच्या तोंडून जो आवाज येतो, तो कोणाचा?

आधी घराणं बघू. आनचा जन्म १९४७ चा, बर्लिनमधला. वडील इव्हान वियाझेम्स्की हे रशियन राजघराण्यातले. क्रांतीनंतर देशोधडीला लागलेल्या सरदार कुटुंबांपैकी हे एक. पुश्किनचा मित्र असलेला कवी प्योत्र व्याझेम्स्की याच घराण्यातला. वडील फ्रान्सच्या परराष्ट्र सेवेत होते, त्यामुळे आनचं बालपण काराकास, जिनिव्हा, रोम असं फिरतीवर गेलं. १९६२ मध्ये वडील वारले, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. त्यानंतर आधार उरला तो आजोळचा.

आणि आजोळ कोणाचं? फ्रान्स्वा मोरियाक यांचं. १९३३ पासून फ्रेंच अकादमीचे सदस्य, १९५२ चे साहित्याच्या नोबेलचे मानकरी, 'तेरेझ देस्केरू'सारख्या कादंबऱ्यांचे लेखक. कट्टर कॅथलिक, द गॉलचे निष्ठावान समर्थक. पण अल्जीरियात फ्रेंच सैन्य जो छळ करत होतं, त्याविरुद्ध खुलेपणाने लिहिणारेही हेच. मामा क्लोद मोरियाक कादंबरीकार आणि चित्रपट समीक्षक, दुसरे मामा जाँ मोरियाक पत्रकार. म्हणजे घरात दोन गोष्टी भरपूर होत्या : शब्द आणि शिस्त. आपल्याकडे एखाद्या नामवंत साहित्यिकाच्या नातीने मॅट्रिकच्या वयात सिनेमात जायचं म्हटलं असतं, तर त्या काळी घरात काय झालं असतं, याची कल्पना करा. पॅरिसच्या श्रीमंत कॅथलिक वस्तीतलं वातावरण त्याहून फार निराळं नव्हतं.

आता सिनेमाकडे येऊ. आनची एक मोठी मैत्रीण होती, फ्लोराँस दले. या फ्लोराँसने १९६२ मध्ये ब्रेसाँच्या चित्रपटात जोन ऑफ आर्कचं काम केलं होतं. (पुढे तीही लेखिका झाली आणि अकादमीवर निवडून आली.) तिने आनची आणि ब्रेसाँची गाठ घालून दिली. ब्रेसाँ तेव्हा साठी ओलांडलेला, आन अठराची. फ्रान्समध्ये त्या काळी सज्ञान होण्याचं वय एकवीस होतं, ते १९७४ मध्ये अठरा झालं. तेव्हा घरच्यांची परवानगी लागणार, आणि घरच्यांची म्हणजे शेवटी आजोबांची. मोरियाक यांनी ती दिली.

इथे नावाचा पहिला परिणाम दिसतो. आजोबांच्या नावामुळे ब्रेसाँने तिला घेतलं, असं म्हणायला आधार नाही. पण त्या नावाच्या वर्तुळामुळेच फ्लोराँस तिची मैत्रीण होती. नामांकित घराणी अशी काम करतात. चिठ्ठी द्यावी लागत नाही. ज्या दिवाणखान्यात ओळखी होतात, तिथे तुम्ही आधीपासूनच बसलेले असता.

१९६५ च्या उन्हाळ्यात पॅरिसजवळच्या गियाँकूर भागात 'ओ आझार बाल्ताझार'चं चित्रीकरण झालं. १९६६ मध्ये तो प्रदर्शित झाला. बाल्ताझार हे एका गाढवाचं नाव. लहानपणी मुलं त्याचा लाडाने बाप्तिस्मा करतात, पुढे ते एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे जातं, राबतं, मार खातं, आणि शेवटी डोंगरावर मेंढ्यांच्या कळपात मरून जातं. त्याच्या समांतर मारी नावाच्या मुलीची गोष्ट चालते. हे आनचं काम. मारी गावातल्या एका गुंड पोराच्या नादी लागते. वडिलांच्या अहंकारापायी घर उद्ध्वस्त होतं. पावसाच्या रात्री ती क्लोसोव्स्कीच्या त्या धान्यव्यापाऱ्याकडे आसरा मागायला जाते. नीत्शे आणि साद यांच्यावर लिहिणारा हा विचारवंत तिथे पैशाचं तत्त्वज्ञान सांगत बसलेला आहे, आणि समोर भिजलेली, उपाशी मुलगी. या प्रसंगात मारीचा चेहरा बघा. दुःख, लाज, राग, काहीच 'दाखवलेलं' नाही. आणि तरी आपल्याला सगळं कळतं.

हे कसं होतं? ब्रेसाँ व्यावसायिक नट घेतच नसे. ज्यांना घेई त्यांना नट न म्हणता 'मॉडेल' म्हणे, म्हणजे चित्रकारासमोर बसणारी व्यक्ती असते तशी. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचं, चढउतार काढून टाकायचे, भावना घालायची नाही. पंधरा-वीस वेळा म्हटल्यावर वाक्यातला 'अभिनय' झिजून जातो. मग जे उरतं ते त्या माणसाचं स्वतःचं, त्याच्या नकळत बाहेर आलेलं, अशी त्याची धारणा होती.

आपल्या परंपरेत 'अभिनय' या शब्दाचा अर्थच मुळी 'समोर नेणं' असा आहे. नटाने अर्थ प्रेक्षकाकडे वाहून न्यायचा. नाट्यशास्त्राने त्याचे चार प्रकार सांगितले : आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. युरोपात अठराव्या शतकात दिदरोने वेगळा सिद्धांत मांडला. थोर नट स्वतः काही अनुभवत नाही, तो भावनेची अचूक नक्कल करतो. ब्रेसाँ या दोन्हींना नकार देतो. वाहून नेऊ नका, नक्कलही करू नका. फक्त असा. नेणारा मी आहे, म्हणजे कॅमेरा आणि संकलन.

ब्रेसाँचं नाव आपल्याला परकं नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकून कुमार शहानी पॅरिसला गेले आणि ब्रेसाँच्या 'युन फाम दूस' या १९६९ च्या चित्रपटावर त्यांनी सहायक म्हणून काम केलं. त्याच संस्थेतून आलेल्या मणी कौल यांचा 'उसकी रोटी' ज्यांनी पाहिलाय, त्यांना हा न चढणारा, न उतरणारा आवाज ओळखीचा वाटेल.

सौंदर्यशास्त्र म्हणून ही भूमिका आम्हाला फार मोलाची वाटते. पण तिची एक नैतिक बाजू आहे. नटाला स्वतःचं कसब असतं. ते त्याचं भांडवल, त्याचं संरक्षणही. 'हे मी नव्हे, ही भूमिका आहे' असं तो म्हणू शकतो. मॉडेलकडे हे कवच नसतं. तिच्याकडून कसब नको असतं, तीच हवी असते. मग 'माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, तो स्वतः साध्यही आहे' हा कांटचा दंडक इथे लावायचा की नाही?

हा प्रश्न हवेतला नाही. आनने २००७ मध्ये 'जन फी' म्हणजे 'तरुण मुलगी' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यावर 'कादंबरी' असा शिक्का आहे, पण माणसं खऱ्या नावांनी येतात. त्यात ती सांगते की चित्रीकरणाच्या काळात ब्रेसाँने तिला सतत आपल्या नजरेखाली ठेवलं. राहण्याची खोली शेजारची, इतरांशी मिसळण्यावर बंधनं. जवळीक साधण्याचे प्रयत्नही त्याने केले आणि ती ते टाळत राहिली. गंमत अशी की पुस्तक केवळ तक्रारीचं नाही. त्यात कामाचा आनंद आहे, ब्रेसाँबद्दल खरी माया आहे, आपण कशाचा तरी भाग होतो याचा अभिमान आहे. पुस्तक आलं तेव्हा ब्रेसाँ जाऊन काही वर्षं झाली होती, त्याची बाजू आपल्याकडे नाही, हेही लक्षात ठेवू या. पण एवढं नक्की की पडद्यावर मारीच्या डोळ्यांत जी सावधगिरी दिसते, ती कुठून आली असेल, याचा विचार हे पुस्तक वाचल्यावर टाळता येत नाही.

आता दुसरा टप्पा. जून १९६६. आनने गोदारचा 'मास्कुलाँ फेमिनाँ' पाहिला आणि 'काये द्यू सिनेमा' या मासिकाच्या पत्त्यावर त्याला पत्र टाकलं. चित्रपट आवडला, आणि तो करणारा माणूसही आवडतो, असं सरळ लिहून टाकलं. १९६६ मध्ये, मोरियाक यांच्या नातीने! हे कोणी तिच्याकडून म्हणवून घेतलेलं वाक्य नव्हतं. हे तिचं स्वतःचं होतं, ही नोंद करून ठेवा, पुढे लागेल.

त्याच उन्हाळ्यात बॅकालोरिआच्या परीक्षेचा टप्पा पार करायचा होता आणि तत्त्वज्ञानात मदत हवी होती. शिकवायला कोण मिळालं? फ्रान्सिस जाँसाँ. हा सार्त्रच्या गोटातला. १९५२ मध्ये कामूच्या 'बंडखोर माणूस' या ग्रंथावर त्याने जी कडक समीक्षा लिहिली, तिच्यातून सार्त्र-कामू मैत्री तुटली. पुढे अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धात तिथल्या क्रांतिकारकांना पैसे आणि कागदपत्रं पोचवणारं गुप्त जाळं त्याने फ्रान्समध्ये चालवलं. १९६० मध्ये त्याच्या गैरहजेरीत त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली, १९६६ मध्ये माफी मिळाली. असा शिक्षक! परीक्षा पार पडली आणि आनने नांतेरच्या नव्या विद्यापीठात तत्त्वज्ञानासाठी नाव घातलं. दानिएल कोन-बेंदीत तिथेच समाजशास्त्र शिकत होता. मे १९६८ ची ठिणगी जिथे पडली, ते हे आवार.

१९६७ मध्ये गोदारने 'ला शिन्वाझ' केला. पॅरिसमधल्या एका घरात पाच तरुण सुट्टीत माओचं लाल पुस्तक घेऊन क्रांतीची शाळा चालवतात. घर चित्रपटात कोणाच्या तरी श्रीमंत आईबापांचं, प्रत्यक्षात गोदार राहत होता ते. आन त्यातली वेरोनिक, नांतेरची तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी. म्हणजे मुलगी तीच, विद्यापीठ तेच, विषय तोच. त्या वर्षीच्या जुलैमध्ये तिने आणि गोदारने स्वित्झर्लंडमध्ये लग्न केलं. ती वीस, तो छत्तीस. ऑगस्टमध्ये चित्रपट आव्हिन्यों महोत्सवात दाखवला गेला आणि पाठोपाठ व्हेनिसमध्ये त्याला ज्यूरीचं विशेष पारितोषिक मिळालं.

यातला आगगाडीचा प्रसंग प्रत्येकाने बघावा. खिडकीबाहेर उपनगरं सरकताहेत. समोर जाँसाँ, जाँसाँ म्हणूनच. वेरोनिक म्हणते, विद्यापीठं बंद पाडायची, बॉम्ब टाकून. जाँसाँ शांतपणे विचारतो, तुमच्याबरोबर कितीजण आहेत? अल्जीरियातल्या मुलींनी बॉम्ब ठेवले, हे ती दाखला म्हणून पुढे करते. तो म्हणतो, त्यांच्या मागे एक अख्खी जनता उभी होती. तुमच्या मागे कोण आहे? हिंसेच्या समर्थनाची इतकी नेमकी तपासणी आम्ही फारशी कुठे ऐकलेली नाही. जाँसाँने स्वतः किंमत मोजलेली होती, म्हणून त्याच्या प्रश्नाला वजन आहे.

पण या प्रसंगाची एक मेख आहे. जाँसाँ स्वतःच्या मनाने बोलत होता. आनच्या कानात मात्र छोटं यंत्र बसवलेलं होतं आणि गोदार त्यातून तिला वाक्यं पुरवत होता. म्हणजे खरा वाद जाँसाँ आणि गोदार यांच्यात चालला होता, मुलीच्या तोंडून. ज्या शिक्षकासमोर ती वर्षभरापूर्वी स्वतःच्या डोक्याने उत्तरं शोधायला शिकत होती, त्याच्यासमोर आता ती दुसऱ्याची उत्तरं देत होती. आता सांगा, वादात हरलं कोण? प्रेक्षकाला वाटतं, ती उथळ मुलगी हरली. यंत्र कोणाला दिसत नाही.

तिसरा टप्पा १९६८ चा. लंडनमध्ये गोदारने 'वन प्लस वन' केला. एकीकडे रोलिंग स्टोन्स गाणं बसवताहेत, दुसरीकडे आन 'ईव्ह डेमोक्रसी' नावाची बाई होऊन रानातून चाललीय. मागे दूरदर्शनवाले लांबलचक प्रश्न विचारताहेत आणि ती उत्तर देते फक्त 'हो' किंवा 'नाही'. शेवटी समुद्रकिनाऱ्यावर कॅमेऱ्याच्या क्रेनवर तिचा निपचित देह झेंड्यांसह वर उचलला जातो. लोकशाहीचं रूपक म्हणून हे चलाख आहे. पण नटीच्या बाजूने बघा : संवाद होता होता दोन शब्दांवर आला आणि मग तेही गेले.

त्याच वर्षी पासोलिनीचा 'तेओरेमा'. मिलानच्या कारखानदार कुटुंबात एक अनोळखी पाहुणा येतो, घरातल्या प्रत्येकाला भुरळ घालतो आणि निघून जातो. मुलगी ओदेत्ता, म्हणजे आन, त्याच्या जाण्यानंतर अंथरुणाला खिळते. डोळे छताकडे, मूठ घट्ट आवळलेली. मूठ कोणालाच उघडता येत नाही. तिला घरातून नेतात. चित्रपटाला एका कॅथलिक संस्थेने पारितोषिक दिलं आणि त्यावरून चर्चमध्ये गदारोळ झाला. आमच्या मते ओदेत्ताची ती मूठ या चार वर्षांतली सगळ्यात बोलकी गोष्ट आहे. त्या मुठीत काय आहे ते पासोलिनी सांगत नाही. निदान तेवढं तरी तिचं तिच्याकडे राहतं. पुढच्या वर्षी पासोलिनीच्याच 'पोर्चिले'मध्ये तिने काम केलं. गोदारबरोबरचा संसार त्यानंतर फार टिकला नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे परत येऊ. ब्रेसाँने आवाजातले चढउतार काढून घेतले, गोदारने वाक्यं कानातून पुरवली, मग दोन शब्दांवर आणलं, पासोलिनीने मूठ आवळून गप्प बसवलं. यावरून ती एक बाहुली होती, असा निष्कर्ष कोणी काढेल. आम्हाला तो पटत नाही. गोदारला पत्र तिने लिहिलं. ब्रेसाँला नकार तिने दिला. जाँसाँकडे शिकायला ती गेली. पडद्यावर तिचा आवाज उसना होता, पडद्यामागचे निर्णय तिचे होते. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि माणसाच्या स्वातंत्र्याची अवस्था बहुधा अशीच असते.

मात्र या स्वातंत्र्याला पाठबळ कशाचं होतं, हे झाकून ठेवता येणार नाही. नकार देणाऱ्या मुलीच्या मागे घर होतं, नाव होतं, शिक्षण होतं. चित्रपट संपल्यावर परत जायला जागा होती. ब्रेसाँ शक्यतो मॉडेल पुन्हा वापरत नसे. 'बाल्ताझार'मधला दारुडा आर्नोल्ड करणारा जाँ-क्लोद गिल्बेर 'मूशेत'मध्ये परत दिसतो, तो अपवाद. बाकीचे एकदा येऊन गेले. त्यांच्यापैकी कोणाला काही सांगायचं असतं, तर ते कुठे सांगणार होते? प्रसिद्ध आजोळाने आनला भूमिका दिली नाही, पण 'नाही' म्हणण्याची ऐपत दिली. ही ऐपत खरं म्हणजे प्रत्येक अठरा वर्षांच्या मुलीकडे असायला हवी, तिचे आजोबा कोणीही असोत. आज आपल्याकडे चित्रपट, मालिका, जाहिराती यांत कोवळ्या वयाची किती मुलं-मुली काम करतात. त्यांच्या घरच्यांनी हा मुद्दा जरूर मनात ठेवावा.

पुढची हकिकत थोडक्यात. १९८८ मध्ये आनचं पहिलं कथांचं पुस्तक आलं. १९९८ च्या 'युन पुआन्ये द जाँ' या कादंबरीत ती वडिलांच्या रशियन घराण्याकडे वळली, आणि तिला फ्रेंच अकादमीचा कादंबरीचा मोठा पुरस्कार मिळाला. आजोबा ज्या अकादमीत बसत, तिचाच. मग २००७ मध्ये ब्रेसाँबद्दलचं पुस्तक, २०१२ आणि २०१५ मध्ये गोदारबरोबरच्या वर्षांबद्दलची दोन. ही दोन आली तेव्हा गोदार हयात होता. २०१७ मध्ये ती वारली.

ज्या प्रसंगांत तिला वाक्यं दिली गेली होती, त्याच प्रसंगांवर तिने चाळीस-पन्नास वर्षांनी स्वतःची वाक्यं लिहिली. आणि त्यासाठी तिने जे हत्यार उचललं ते आजोळचंच होतं, लेखणी. त्यामुळे आज 'बाल्ताझार' किंवा 'ला शिन्वाझ' बघणारा माणूस दोन कर्त्यांचं काम बघतो. एक दिग्दर्शक, आणि दुसरी, जिने नंतर सांगितलं की त्या वेळी या बाजूने काय दिसत होतं.

ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही, त्यांनी 'बाल्ताझार'पासून सुरुवात करावी. दीड तासाचा आहे. मग 'ला शिन्वाझ'मधला आगगाडीचा प्रसंग, त्या कानातल्या यंत्राची आठवण ठेवून. इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.